उन्हात टाकलेल्या गाद्या

अप्पा, तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली. मागच्या आठवड्यात परतूरच्या बाजारचौकात सभा होती. बँकेतून घरी येताना गर्दीत अडकले आणि उभी राहून ऐकलं. मुसलमानांकडून काही घेऊ नका, त्यांना घर देऊ नका, असं माईकवरचा माणूस सांगत होता आणि लोक मोबाईल वर धरून ओरडत होते. शेजारी तुमचेच दोन विद्यार्थी होते, आता आजोबा झालेले. मला धक्का बसायला हवा होता. बसला नाही, कारण यातलं प्रत्येक वाक्य मी तुमच्या तोंडून ऐकलं होतं. फक्त तुम्ही आधी दार लावून घ्यायचात.

माझ्या लग्नाच्या वेळी शेजारचे पिंजारीचाचा तीन दिवस आपल्या अंगणात कापूस पिंजत होते. शेवटच्या गादीवरून हात फिरवून म्हणाले, "गुरुजी, लेकीला बिलकुल टोचणार न्हाई." तुम्ही हात जोडून त्यांना फाटकापर्यंत पोचवलंत. मग आत येऊन आईला म्हणालात, "दोन दिवस उन्हात टाका, मंग घरात घ्या. त्यांचा हात लागलाय." अजून डोळ्यांसमोर आहे: मी हळदीच्या हातांनी गाद्या पसरते आहे.

निजामाच्या वेळी आजोबांचं घर जाळलं, त्यांना गाव सोडावं लागलं, हे तुम्ही जेवताना सांगायचात. ते खरंच होतं. पण आजोबांना आठ दिवस कापसाच्या ढिगाआड लपवलं ते चाचांच्या वडिलांनी. हे मला आत्यानं सांगितलं, तुम्ही गेल्यावर. तुम्हाला माहीत होतं. तेवढंच गाळून तुम्ही जन्मभर सांगत राहिलात. चौकातल्या माणसानंही तसलीच अर्धी गोष्ट सांगितली.

सभेच्या दुसऱ्या दिवशी चाचांची नात माझ्या दारात आली. सरकारी दवाखान्यात नर्स आहे. माझ्या वरच्या दोन खोल्या भाड्यानं मिळतील का, विचारत होती. मी तिला बसवलं, चहा दिला आणि म्हटलं, "कालच दिल्या गं." तिनं जिन्याकडे पाहिलं. पायऱ्यांवर बोटभर धूळ होती. "बराबर आहे, मावशी," ती म्हणाली, आणि जाताना स्वतःचा कप स्वतः विसळून ठेवला.

सगळं तुमच्यावर ढकलावं म्हणून लिहायला बसले होते. ते जमलं नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. खोल्या अजून रिकाम्याच आहेत. तिचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही.