पट्ट्यावरची जाळी

पिंपरी, नोव्हेंबर १९५६

हिंदुराव यांस सोनबाकाकाचा नमस्कार.

हात भरून आला का? विचारायचीही लाज वाटते.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्राची पूजा झाली, तेव्हा चाकाच्या फिरत्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी मीच काढली. चाकाला हळदकुंकू लावायचे होते. जाळी परत बसवली तर झेंडूची माळ चुरगळेल, म्हणून तशीच ठेवली. दसऱ्यानंतर तुम्ही कामावर नवे आलात. नव्या माणसांना धोके समजावणे हे माझे काम. तुम्ही विचारलेत, "काका, ह्याला झाकण न्हाई व्हय?" मी हसून म्हणालो, "देवाला कोंडून ठेवत्यात का, राव? फुलं सुकू द्या, मग बघू."

त्याच दुपारी माळ सुटून पट्ट्याकडे ओढली गेली. ती धरायला तुम्ही हात घातलात. तीन बोटे गेली.

चौकशीत साहेबांनी विचारले, "जाळीचं नव्या माणसाला सांगितलं होतं का?" मी म्हणालो, "व्हय. जाळी काढू नको म्हणालो, त्यानं ऐकलं न्हाई." तुम्ही तेव्हा इस्पितळात होतात. खरे कळले तर या वयात मला कोण ठेवील, ही धास्ती होती. माझी नोकरी राहिली, तुमची गेली.

आता दर सोमवारी मी नव्या माणसांना जाळी दाखवतो. साहेब शेजारी उभे असतात, म्हणून पुढे सांगतो, "हिंदुरावानं ऐकलं न्हाई, त्याची बोटं गेली." सगळे जाळीपासून दोन पावले मागे सरतात.

हे पत्र चौथ्यांदा लिहिले आहे. आधीची तीन पेटीत आहेत, हेही तिथेच जाईल. उद्या सोमवार आहे.

तोंड लपवणारा,
सोनबा