दोन मुलींची एक ओळ

१२ मे
यादीत मुलगी एकच. जन्मल्या दोन! प्रसूतिगृहाच्या मुख्य परिचारिका नोन्ना येगोरोव्हनांनीच फोनवर सांगितलं. "पोरांनो, माझे डोळे शाबूत आहेत अजून. जुळ्या आहेत!"

तिथली यादी आमच्या प्रोग्रामवर चालते. बदल आमचाच, गेल्या आठवड्यातला. जावा भाषेतल्या जुन्या वर्गांना, म्हणजे नोंदींच्या साच्यांना, कोटलिन या नव्या भाषेतल्या डेटा क्लासचे गुण द्यायचे — रकाने जुळले की दोन नोंदी एकच धरायच्या. घाईत तेच बाळ दोनदा भरलं जायचं, त्यावर हा उतारा. आमचा गटप्रमुख ग्लेब म्हणाला, "तुलनेत वजन नको, रोज बदलतं." बरोबरच होतं. मीही मान डोलावली. मग उरलं काय? आईचं नाव, तारीख, मुलगा की मुलगी. बाळाचं नाव तर घरी गेल्यावर ठेवतात!

१३ मे
रिम्मा अर्काद्येव्हनांना फोन केला. ते वर्ग त्यांनीच लिहिलेले. आता निवृत्त — दाचावर, गावाबाहेरच्या बागेतल्या घरी, काकड्या लावतायत.

"माझ्या जावात दोन बाळं म्हणजे दोन बाळं. सारखी दिसतात म्हणून एकीला पुसायचं?"

"तसं कुठे लिहून ठेवलं नव्हतंत —"

"हेही लिहायचं असतं का, पोलीना? कोटलिन म्हणजे माझ्यासाठी क्रोनश्टाटचं बेट. तिथे मी मासे खायला जाते, बाळंतपणं करायला नाही."

हसू आलं नाही. बदल मागे घेतला. गेलेली ओळ काही परत येत नाही. जन्मजात आजारांसाठी बाळाच्या टाचेतलं रक्त तपासायला घेतात तेही याच यादीवरून. एकीचं राहिलं असेल तर? आई दोघींना घेऊन प्स्कोवकडे माहेरी गेलीय. फोन लागत नाही.

१४ मे
लागत नाही.

१५ मे
दोघींचं रक्त घेतलं होतं! नोन्ना येगोरोव्हना गरजल्या, "मी टाचा बघते, तुमच्या याद्या नाही!" हुश्श! ग्लेबनं कोबीचं सारण भरलेल्या पिरोझ्की आणल्या. दिवसभरात पहिल्यांदा काही गिळलं.

१६ मे
प्रयोगशाळेचे निकाल आले. एक चांगला. दुसरा वाईट — त्या बाळाला दूध म्हणजे विष. दोन्ही नमुन्यांवर चिठ्ठी आमच्या यादीतून छापलेली. तीच एक ओळ, दोनदा. कुठला नमुना कुणाचा, कळायला मार्ग नाही.

आईचा फोन लागला. डॉक्टरांनी दोघींचंही दूध थांबवायला सांगितलंय. ती विचारत होती, "म्हणजे एकीला उगाच रडवू? कुठलीला?"

सकाळच्या गाडीनं दोघींना पुन्हा तपासणीला घेऊन येतेय.