दुसरी कळशी

पनवेल, शुक्रवार, १२ फेब्रुवारी १९५४

टायफॉइड उतरून चार महिने झाले, तरी विहिरीवरून दुसरी कळशी आणताना पाय लटपटतात. मी अंथरूण धरलं त्याच आठवड्यात धाकटी जाऊ कुसुमही त्याच तापाने आजारी पडली होती. ती आता सहा कळश्या भरते. सहा.

आज कळशी टेकवून मी पायरीवर बसले, तर तीही शेजारी बसली. म्हणाली, "वहिनी, दमले बाई मी."

मला बरं वाटलं. खरं लिहायचं तर, तिचा ताप पुन्हा उलटला तर, इथवर मन गेलं. इतकी कशी मी हलकी?

मग लक्षात आलं, तिला धाप लागलेलीच नव्हती. उठताना माझीही कळशी तिनेच कमरेवर घेतली.

मी धडधाकट असते, तर तिच्यासाठी अशी बसले असते? नाही वाटत.