अर्धी गाडी

प्रिय धाकटे,

मंगळवार, १७ मार्च, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, गाड्यांच्या शोरूममध्ये, टाय बांधलेल्या दोन अनोळखी पुरुषांसमोर तू माझा अपमान केलास. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी आम्हाला शिकवलं होतं की तक्रार करायची तर तारीख-वेळ घालून, लेखी. तोंड फुगवून बसू नये. तोंड फुगवून मी आठवडाभर बसले. आता लेखी.

आधी त्या दोघांविषयी. एकाने गाडी दाखवली ती तीन वर्षांपूर्वी मी पाहून आले होते तीच, त्याच रंगाची. फक्त स्टिअरिंगजवळचा टीव्हीसारखा पडदा वीतभर मोठा झाला होता आणि किंमत हातभर वाढली होती. मला पडद्यावर काय बघायचंय? मला रस्ता बघायचाय. साठवलेल्या पैशांत पूर्वी जवळजवळ सगळी आली असती, ती आता निम्मीच. उरलेल्याचं कर्ज. दुसरा, कर्जवाला, गोड हसून म्हणतो, "सात वर्षांचा हप्ता घ्या मॅडम, जाणवणारही नाही." विमा कंपनीत दावे तपासण्यात माझा जन्म गेला, न जाणवणारेच खर्च बुडवतात, एवढं मला कळतं. माझी जुनी गाडी नवी होती तेव्हा तिची जी किंमत होती, तेवढं आता नुसतं व्याज! पण त्या जुन्या गाडीचा पत्रा खालून गंजलाय, मेकॅनिकने हात जोडलेत, आणि गाडी नाही म्हणजे या टेकडीवरच्या घरातून बाहेर पडताना दर वेळी कुणाच्या तरी तोंडाकडे बघायचं. ते माझ्याच्याने होणार नाही. म्हणून मी सही करायला निघाले होते. तेव्हा त्याने विचारलं, "या वयाला सहकर्जदार लागेल. मुलगा वगैरे?" मी म्हटलं, मुलगाही नाही आणि वगैरेही नाही.

आणि कोपऱ्यातल्या सोफ्यावरून, मांडीवरची पर्स घट्ट धरून, तू म्हणालीस, "मी आहे ना वगैरे! वन्सं, अर्धे पैसे मी घालते. कर्ज कशाला? गाडी दोघींची."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जिला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला ते माहीत नाही, ती अर्धी गाडी घेणार? म्हणजे ही भीक, असं मी धरून चालले. तुला तिथेच सोडून टॅक्सीने घरी आले. माझा भाऊ असता तर नेहमीसारखी बायकोची बाजू घेऊन म्हणाला असता, "ताईचं नाक बॉनेटपेक्षा लांब आहे."

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर तू. मी तिथे विसरलेला चष्मा हातात, काचा पुसलेल्या. "वन्सं, याच्याशिवाय घरी कशा आलात?" एवढंच विचारलंस आणि पैशाचा विषय न काढता बसस्टॉपकडे चालू लागलीस. मी खिडकीतून पाहत राहिले. संसारभर तू भावाच्या शेजारच्या सीटवर बसलीस. नकाशा तुझ्याकडे, चुकायचा तो, भांडायचात दोघं. तो गेला, गाडी विकली आणि तू बसचा पास काढलास. तुला अर्धी गाडी नकोच होती गं. शेजारची सीट हवी होती. आणि माझ्या शेजारच्या सीटवर इतकी वर्षं फक्त माझी पर्स बसलेली. मला मदत करायला निघालेले पुष्कळ भेटले. भागीदार व्हायला आलेली तू पहिलीच. आभार. हेही लेखी.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. चष्म्याशिवाय घरी कशी आले? टॅक्सीने. पण चष्मा असता तरी फारसा फरक पडला नसता. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, फार तर दोन वर्षं चालवा, तीही दिवसाच. आणि मी सात वर्षांच्या कर्जावर सही करत होते! तेव्हा भागीदारीला माझी एक अट आहे. तू गाडी शिकायचीस. मी शिकवणार आणि ओरडणारही. दोन वर्षांनी चावी तुझी, शेजारची सीट माझी. एक तारखेला किंमत पुन्हा वाढतेय, म्हणून तुझा होकार-नकार सोमवार, ३० मार्च, संध्याकाळी पाचच्या आत लेखी माझ्या हातात पाहिजे. मोठ्या अक्षरात लिही.

तुझीच,
वन्सं