दीड वाटी मैद्याचं वजन

३ जानेवारी
पुजाचा फोन. पुन्हा तेच. बाबा, एकटे राहू नका, नाशिकला या. दिवाळीनंतर ही गेली, तेव्हापासून पोरीचं हेच चालू आहे. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही. झोप येते. भूक लागत नाही, म्हणजे पोट भरलेलं असणार. नातीचा, राजनंदिनीचा वाढदिवस हिंगोलीतच करू, आजी करायची तसा कुकरमधला केक मी करतो. जमला तर मी इथेच राहणार, नाही जमला तर येतो. पुजा कबूल झाली. डील पक्की.

४ जानेवारी
पुजाने कृती सांगितली. दीड वाटी मैदा, एक वाटी साखर, अर्धी वाटी कोको, चिमूटभर सोडा, लागेल तसं दूध. वाटी हे काय माप झालं? मी जन्मभर मार्केट यार्डात मापाडी होतो, हळदीची पोती तोलली. सगळं ग्रॅममध्ये आणणार. इलेक्ट्रॉनिक काटा मागवला.

७ जानेवारी, सकाळ
काटा आला. वाटीभर साखर दोनशे ग्रॅम भरली. म्हणजे वाटी बराबर दोनशे. मैदा तीनशे, कोको शंभर. एका तोलात सगळा हिशेब. हिला हे कधी सुचलं नाही.

संध्याकाळ
शेजारच्या आशाबाई म्हणाल्या, मैदा हलका असतो, वाटीत दोनशे बसत नाही. मी विचारलं, किलोभर मैदा आणि किलोभर साखर, यात हलकं कोण? त्या उठून घरी गेल्या. पटलेलं दिसतं.

८ जानेवारी
तरी खात्री केली. मैदा वाटीत भरला, वाटी आपटली, मैदा दाबला, वर शीग लावली, काठाच्या वर टोक येईपर्यंत. आमच्या खळ्यावर पहिलं माप ‘लाभ’ म्हणून शिगेनं भरायचे. सपाट माप दिलं की बरकत जाते. भरला एकशे पंच्याण्णव. पाच ग्रॅम ओट्यावर सांडला असणार. सिद्ध झालं.

११ जानेवारी
ट्रायल. मिश्रण कणकेसारखं झालं. दूध वाढवलं नाही, प्रमाण म्हणजे प्रमाण. केक घट्ट. घट्ट म्हणजे टिकेल. कुकर जुना आहे, दोष त्याचा.

१२ जानेवारी
नवा कुकर आणला. हिची पाटी आणि विळी माळ्यावर टाकून जागा केली. काही वाटलं नाही.

१४ जानेवारी
आशाबाई तीळगूळ घेऊन आल्या. पुन्हा सांगून गेल्या की मैदा चाळून हळूच वाटीत सोडतात. हातात तीळगूळ असल्यामुळे मला भांडता आलं नाही.

१६ जानेवारी
काही केलं नाही. दिवसभर पलंगावर बसलो. तब्येत उत्तम.

१८ जानेवारी
पुजा आणि राजनंदिनी आल्या. केक केला. फुगावा म्हणून सोडा चमचाभर घातला, तोही शीग लावून. सुरी अर्ध्यात अडकली. राजनंदिनीने घास तोंडात धरून ठेवला, गिळेना. पुजाने तिला बेसिनकडे नेलं. मग तिने मला मैदा कसा घेतला ते करून दाखवायला लावलं. मी वाटी आपटली.

ती म्हणाली, “बाबा, आई वाटी भरली की वरून बोट फिरवून सपाट करायची. तुमच्या समोरच तर करायची.”

मी समोर असायचो हे खरं आहे. पाहिलं नव्हतं.

पुजा रागावली नाही. तिने माझी बॅग काढली. आठच दिवसांसाठी जातोय, म्हणून स्वेटर घेतला नाही.

९ फेब्रुवारी, नाशिक
इथे बरं आहे. थंडी आहे. पुजा म्हणते, होळीनंतर बघू. मीही तेच म्हणणार होतो.

आज ती परात घेऊन बसली आणि तिने विचारलं, “बाबा, तुमाला किती भाकरी लागतेत?”

मला सांगता येईना. ही वाढायची, मी खायचो. पुरे म्हणायची वेळ कधी आली नाही, कमीही पडलं नाही. किती ते हिलाच माहीत. पुजा पिठात हात घालून थांबली होती.

शेवटी म्हटलं, घे अंदाजानं.