आत्याचं गळकं धाबं

अमरावती, कार्तिक वद्य पंचमी, शके १७८५

आत्याच्या घरावरचं गळकं मातीचं धाबं नवं होणार. तिनं किती भाऊबंदांकडे मदत मागितली, कोणी दाद दिली नाही. यंदा कापसाला सोन्याचा भाव, वखारी तुडुंब. म्हणून आज एक व्यापारी कापूस ठेवायला तिची पुढची खोली बघायला आला. गळतीखालचं घंगाळ अजून तिथंच. पावसाळा सरला तरी आत्यानं का उचललं नाही? ते बघून हा परत फिरणार, असंच वाटलं. पण तोच म्हणाला, "धाबं माझ्या खर्चानं करून देतो."

मी धावतच आत जाऊन आत्याला सांगितलं. पुढच्या खोलीत येऊन घंगाळ उचलत ती म्हणाली, "दे खोली. पण कापसाले ओल सोसत नाही, अन् मले सोसत होती काय रे?"