न वाचलेला तक्ता

अण्णा, गेल्या महिन्यात मी तुमचा तो जुना तक्ता काढून टाकला. त्या प्रोसेसरवर चालणारं एकही यंत्र आता कुठल्या हॉस्पिटलात उरलेलं नाही असं सर्व्हिसवाल्यांनी लिहून दिलं, तेव्हा ती फाइल ठेवण्यात अर्थ राहिला नाही. काढण्याआधी मी तिचा इतिहास उघडून पाहिला. प्रत्येक बदलापुढे तुमचं नाव. ज्या बदलापायी तुम्हाला कंपनी सोडावी लागली त्याच्यापुढेही तुमचंच, कारण तेव्हा मी नवी होते, मला थेट काही आत घालायची परवानगी नव्हती, माझं काम तुमच्या सहीनं जायचं. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्याच मजल्यावर, तुमच्याच खिडकीशी बसून मी ते नाव पुन्हा पुन्हा वाचत राहिले. शेजारचा सहकारी म्हणाला, "मॅम, डिलीटच करायचंय ना? मग एवढं काय बघताय?" मी म्हटलं, काही नाही. आणि डिलीट केलं.

मी नागपूरहून आले त्याच आठवड्यात तुम्ही मला कॅन्टीनमध्ये आईशी फोनवर बोलताना ऐकलंत आणि सरळ माझ्यासमोर ताट ठेवून बसलात. "मराठी ऐकली की मला राहवत नाही. या कन्नड मुलखात आमची चार पिढ्यांची मराठी आहे, पण घरातल्या घरात वापरून वापरून स्वल्प झिजलीय." थोडं म्हणायचं तिथे तुम्ही इथल्या कन्नडासारखं स्वल्पच म्हणायचात. मी तुम्हाला सर म्हटलं तर म्हणालात, "सर नको. इथे लोक रिक्षावाल्यालाही अण्णा म्हणतात, तेवढा मान मला दे." आपली कंपनी रुग्णाच्या खाटेशेजारी ठेवायचे मॉनिटर बनवायची. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन दाखवायचे आणि नोंदवून ठेवायचे. त्या डब्यातल्या सगळ्या प्रोग्रामांच्या खाली असणारी सी लायब्ररी एकटे तुम्ही सांभाळत होतात. तुम्ही मला शिकवलंत, प्रोग्रामला फाइल उघडायची असो, वेळ विचारायची असो, डिस्कवर लिहायचं असो, तो स्वतः काही करू शकत नाही, यंत्राच्या गाभ्यातल्या प्रोग्रामला, कर्नलला, सांगतो. आणि सांगतो ते नावानं नाही, नंबरानं. कुठल्या कामाचा कुठला नंबर हा तक्ता लायब्ररीत असतो, आणि प्रत्येक प्रोसेसरचा तक्ता वेगळा. मी हुशारी दाखवत म्हटलं, "म्हणजे हॉटेलातल्या टोकनसारखं?" तुम्ही म्हणालात, "उपमा खायची असते, द्यायची नसते. तू तक्ता बघ."

तक्त्यात काही बदललं की तो मोठ्यानं वाचायचा, ही तुमची पद्धत. एकानं कर्नलच्या यादीतून नाव आणि नंबर म्हणायचा, दुसऱ्यानं आपल्या तक्त्यात तो बघून हो म्हणायचं. तुम्हाला ताप आला होता तेव्हा आपण चामराजपेठेत तुमच्या स्वयंपाकघरात बसून वाचलं होतं. तुम्ही शाल पांघरून स्टुलावर, मी जमिनीवर लॅपटॉप घेऊन, आणि तुमच्या पत्नी, अक्का, ओट्याशी अवरेकाळू, म्हणजे आपले पावटे, सोलतायत. मधेच त्या विचारतात, "झाली का तुमची जपमाळ?" मी हसते आणि माझी एक ओळ सुटते, मी तशीच पुढे जाते. तुमच्या ते लक्षात येतं. तुम्ही आवाज चढवत नाही, पण अक्कांच्या देखत मला म्हणता, "चुकलीस त्याचं काही नाही. चुकलंय हे कळूनही पुढच्या ओळीवर गेलीस, ते वाईट." अक्कांनी ताटली माझ्यापुढे सरकवली, "हे पण सोल थोडं, हात रिकामे कशाला." त्या दिवशी तुमचं बोलणं मला अती वाटलं होतं. एवढ्याशा आकड्यांचं एवढं काय?

अक्कांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं तो दिवस. नव्या कर्नलबरोबर सहा नवी कामं आली होती, ती आपल्या तिन्ही तक्त्यांत घालायची होती. मी एका तक्त्यातल्या सहा ओळी उचलून दुसऱ्यात चिकटवल्या आणि नंबर बदलत गेले. पाच बदलले. सहावा राहिला. तो होता आतापर्यंतचं सगळं डिस्कवर पक्कं लिहायला सांगणाऱ्या कामाचा. या प्रोसेसरवर तो नंबर दुसऱ्याच कुठल्या कामाचा होता, आणि ते काम काहीही न करता "झालं" असं उत्तर देत होतं. तुम्ही हॉस्पिटलच्या बाहेरून फोन केलात. "कुणाला तरी बरोबर घे आणि वाचून काढ. वाचलंस की मला सांग, मी इथून पुढे पाठवतो." मी जेवून आले. दुपारभर दुसरं काम केलं. चार वाजता तुम्हाला कळवलं, वाचलं. खोटं बोलतेय असं त्या क्षणी वाटलंही नाही, अण्णा. वाचल्यासारखंच वाटत होतं. मीच तर लिहिलं होतं.

पुढचे पाच महिने काही झालं नाही. मग उत्तरेकडच्या एका तालुक्याच्या गावातल्या लहान हॉस्पिटलातून तक्रार आली. भर दुपारी वीज गेली, मॉनिटर बंद पडून पुन्हा सुरू झाला, आणि त्याच्यातली सकाळपासूनची नोंद कोरी निघाली. त्याच सुमारास एका म्हाताऱ्या रुग्णाची तब्येत एकदम बिघडली, त्याला मोठ्या हॉस्पिटलात हलवावं लागलं. तो वाचला. पण नातेवाइकांनी नोंदी मागितल्या तेव्हा त्या नव्हत्या, म्हणून वॉर्डातल्या सिस्टरनं सकाळपासून पेशंटकडे पाहिलंच नाही असं ठरलं. तिला कामावरून काढलं. सर्व्हिसवाल्यानं तिचा जबाब कन्नडमध्ये जोडला होता. तुम्ही तो आम्हा सगळ्यांसमोर वाचलात आणि ओळ संपली की मराठीत मला सांगत होतात: "मी दर तासाला बघितलं. यंत्रानं लिहून ठेवलं होतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी खोटं बोलत नाही." एवढं सांगून तुम्ही चष्मा काढलात. मॅनेजर म्हणाले, "विजेचा प्रॉब्लेम दिसतो. तसं लिहून टाकू."

तुम्ही तसं लिहिलं नाही. तो डबा मागवलात, चार दिवस त्याची वीज तोडत आणि जोडत बसलात, आणि पाचव्या दिवशी मला जवळ बोलावून पडद्यावर बोट ठेवलंत. सहावी ओळ.

"हे आपण वाचलं होतं ना?"

"हो."

"कुणाबरोबर वाचलंस?"

मी ज्याचं नाव घेतलं तो मुलगा दोन महिन्यांपूर्वी नोकरी सोडून परदेशी गेला होता. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि कन्नडमध्ये ठीक आहे म्हणालात, "सरी." अहवालात तुम्ही लिहिलंत, "तक्ता तपासायची जबाबदारी माझी होती आणि मी तो तपासला नाही," आणि खाली स्वतःची सही केलीत. वरून निरोप आला की हॉस्पिटलला काही कळवायचं नाही. तुम्ही दोन दिवसांची रजा टाकून, चूक यंत्राची होती असं पत्र हातात घेऊन बसनं त्या गावी गेलात. हॉस्पिटलनं पत्र फाइलला लावलं, सिस्टरला परत घेतलं नाही. मग त्या सिस्टरचं घर शोधून तिला एक प्रत दिलीत. परत आल्यावर तुम्हाला महादेवपुराच्या ऑफिसात, नव्या लोकांना शिकवायच्या कामावर पाठवण्यात आलं. सहा महिन्यांत तुम्ही राजीनामा दिलात. निघताना तुमचा यांत्रिक कीबोर्ड मला देऊन गेलात. म्हणालात, "खूप आवाज करतो. पण काय दाबलं ते कळतं." त्यानंतर दोन वर्षांनी, सकाळी दूध आणायला गेलेले तुम्ही रस्त्यातच पडलात.

मी तुमच्या घरी येतच राहिले. तुम्ही असताना, नंतरही. दिवाळीला, संक्रांतीला. दर वेळी ठरवून यायचे की आज सांगायचं, आणि चहा पिऊन परत जायचे. ऑफिसात मी मोठी होत गेले. आता आमचे तक्ते एक प्रोग्राम तपासतो, तो मीच लिहिला, एका मिनिटात सगळे नंबर कर्नलच्या यादीशी ताडून बघतो आणि चूक असली तर काही पुढे जाऊ देत नाही. सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. मला बक्षीस मिळालं. ते घ्यायला स्टेजवर चढताना मला ती सहावी ओळ दिसत होती, हे कुणाला कळायचं कारण नव्हतं.

तक्ता काढून टाकला त्या रविवारी मी अक्कांकडे गेले. त्या बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होत्या. मी चप्पल काढली आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं. ऑपरेशनचा दिवस, फोन, न वाचता वाचलं म्हणणं, त्या मुलाचं नाव. अक्कांनी पेपराची घडी घातली.

"माहीत आहे मला."

मी दाराशीच उभी राहिले.

"ज्याचं नाव तू सांगितलंस, तो त्या दिवशी रजेवर होता. यांनी तुला विचारलं त्याच संध्याकाळी बघून घेतलं होतं."

"मग मला बोलले का नाहीत?"

"वाट बघत होते. तू आपण होऊन सांगशील म्हणून. राजीनामा देईपर्यंत रोज घरी आले की बूट काढता काढता म्हणायचे, आजही नाही."

मी रडायला लागले. अक्का उठल्या नाहीत, जवळ आल्या नाहीत. म्हणाल्या, "मला तुझा खूप राग होता. तू यायचीस, मी चहा टाकायचे, आणि आत उभी राहून स्वतःशी बडबडायचे. हे गेल्यावर तर दार उघडू नये असं वाटायचं. पण तू यायचीस. बाकीचं कोण येत होतं?" मग पेपर बाजूला ठेवत, "रडून काय होणार? आणि माझ्याकडे कशाला आलीस? नोकरी काय माझी गेली होती? ती सिस्टर आता देवनहळ्ळीला असते. बस स्टँडच्या मागे दवाखाना आहे, तिथे. यांच्या तेराव्याला आली होती, अजून सणाला फोन करते. तिच्याकडे जा."

मी गेले, अण्णा. पुढच्याच शनिवारी गेले. विमानतळाच्या बसमधून उतरून दुसरी बस धरली, बाहेर द्राक्षांचे मळे आणि त्यांना लागूनच प्लॉटच्या जाहिरातींचे फलक. मनात कन्नड वाक्यं जुळवत होते, माझं कन्नड अजूनही दुकानापुरतंच आहे. दवाखाना दोन खोल्यांचा. बाकावर बायका बसलेल्या. टेबलाशी पन्नाशीच्या एक सिस्टर, केसांत अबोलीचा गजरा, तुटक बोलणाऱ्या. मी लगेच ओळखलं, कधी पाहिलेलं नसताना. प्रत्येकीचा दंड मोकळा करून त्या रक्तदाब घेत होत्या. यंत्राच्या पडद्यावर आकडा आला की तो आधी जाड वहीत पेनानं लिहायच्या, वेळ घालायच्या, समोरच्या बाईला वहीत दाखवायच्या, आणि मगच पट्टा सोडायच्या. माझ्या शेजारची बाई कंटाळून पुटपुटली, "मशीनमध्ये असतंच की सगळं, या किती वेळ लावतात."

माझी पाळी आली. त्यांनी मान वर केली. "काय होतंय?"

जुळवलेलं पहिलं वाक्य मला आठवत होतं. तुमचं नाव घ्यायचं होतं, ते तर कुठल्याही भाषेत सारखंच आहे. त्या माझ्याकडे बघत होत्या, घाईनं नव्हे, नीट. मी दंड पुढे केला आणि म्हणाले, "चक्कर येते."

त्यांनी पट्टा बांधला. आकडा वहीत लिहिला, वेळ घातली, वही माझ्याकडे फिरवून मला दाखवली. "स्वल्प जास्त आहे," त्या म्हणाल्या. "झोप होते ना? कसली काळजी आहे का?" मी नाही म्हणाले. त्यांनी मीठ कमी करायला सांगितलं.